जुनी गेम डिस्क मध्येच अडकते? दोष डिस्कचा की कन्सोलचा, ते आधी ठरवू या

सुट्टी लागली की मुलांमध्ये गेमच्या डिस्कची देवघेव सुरू होते. नवी डिस्क महाग पडते, म्हणून जुनी घ्यायची, खेळून झाली की दुसऱ्याला द्यायची. आपल्या सभासदांच्या घरांतही हे चालते. पण अशी आणलेली डिस्क कधी कधी मध्येच अडकते. चित्र थिजते, बटणे दाबून काही होत नाही. मग घेणारे म्हणतात, डिस्क खराब दिली. देणारे म्हणतात, आमच्याकडे तर नीट चालत होती. बरेचदा दोघांचेही खरे असते. थोडी चरे पडलेली डिस्क एका कन्सोलवर चालते आणि लेन्स थकलेल्या दुसऱ्या कन्सोलवर अडते. म्हणून कोणाला बोल लावण्याआधी, आणि डिस्कवर काही घासण्याआधी, दोष नेमका कुठे आहे ते पाहू या.

डिस्क कधी वाचली जाते?

प्लेस्टेशन २ किंवा निन्टेन्डो वी यांसारखे जुने कन्सोल खेळ चालू असताना सतत डिस्क वाचत असतात. तिथे खेळ अडकला तर पहिला संशय डिस्कवर किंवा लेन्सवर घेणे रास्त आहे.

प्लेस्टेशन ४, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स वन यांचे तसे नाही. हे कन्सोल डिस्कवरचा गेम आधी आपल्या आतल्या साठ्यात उतरवून घेतात, म्हणजे इन्स्टॉल करतात. त्यानंतर डिस्क आत ठेवावी लागते ती मुख्यतः गेम आपल्याकडे आहे याचा पुरावा म्हणून. त्यामुळे इन्स्टॉल पूर्ण झाल्यावर तासाभराने खेळ अडकत असेल, तर डिस्कवर सर्वांत शेवटी संशय घ्यावा. इन्स्टॉलच मध्ये थांबत असेल, तर मात्र आधी डिस्क तपासावी.

यात एक मेख आहे. प्लेस्टेशन ४ वर बरेच गेम पूर्ण उतरण्याआधीच सुरू करता येतात, आणि मुलांना तेवढा धीर नसतो. म्हणून अडकणारा गेम एकदा पूर्ण उतरू द्या आणि मगच खेळून पाहा.

अडकते कुठे, ते लिहून ठेवा

दोन-तीन वेळा खेळून कागदावर टिपून ठेवा. दर वेळी त्याच जागी अडकत असेल, तर डिस्कचा तेवढा भाग वाचता येत नसावा, किंवा गेममध्येच चूक असावी. अशा चुका कंपन्या पुढे अपडेट देऊन दुरुस्त करतात. जुन्या डिस्कवर पहिलीच आवृत्ती असते, म्हणून कन्सोल इंटरनेटला जोडून अपडेट घ्यावे. दर वेळी वेगळ्याच जागी, पण साधारण तेवढ्याच वेळाने अडकत असेल, तर कन्सोल तापत असण्याची शक्यता अधिक.

अदलाबदल करून पाहा

सर्वांत भरवशाची परीक्षा हीच, आणि तिला पैसे पडत नाहीत. आपल्या कन्सोलमध्ये दुसरी, नीट चालणारी डिस्क घाला. मग अडकणारी डिस्क ओळखीच्या घरी, त्याच प्रकारच्या कन्सोलवर लावून पाहा.

- दुसरी डिस्क आपल्याकडे चालते, ही डिस्क दोन्हीकडे अडते: दोष डिस्कचा.
- आपल्याकडे दोन्ही डिस्क अडतात, ही डिस्क तिकडे चालते: दोष आपल्या कन्सोलचा.
- दुसरी डिस्क आपल्याकडे चालते, ही डिस्क तिकडे चालते: डिस्क थोडी खराब आणि आपली लेन्स थोडी मंद. इथे साधी सफाई पुष्कळदा पुरते. इन्स्टॉल होणारा गेम असेल, तर तो काढून पुन्हा घालून पाहावा.
- दोन्ही डिस्क आपल्याकडे अडतात आणि ही तिकडेही अडते: दोन्हीकडे दोष. आधी कन्सोल पाहावा.

डिस्क कशी पुसावी

डिस्क कडेने धरा आणि दिव्याखाली तिरकी करून खालची बाजू पाहा. बहुतेक वेळा चऱ्यांपेक्षा बोटांचे ठसे आणि तेलकट डागच जास्त असतात. स्वच्छ मऊ सुती कापड, किंवा चष्मा पुसायचे कापड, पाण्याने किंचित ओले करून मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. डाग चिकट असेल तर भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब चालेल. पूर्ण वाळल्याशिवाय डिस्क आत घालू नका. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही लावू नका. प्लास्टिक खराब होते.

गोल गोल पुसू नये, यालाही कारण आहे. डिस्कवरची माहिती गोलाकार, चक्रीसारख्या रेषेत लिहिलेली असते. तिच्यासोबत दुरुस्तीसाठी जादा माहितीही असते, त्यामुळे थोडा तुकडा वाचता आला नाही तरी यंत्र तो हिशेबाने भरून काढते. मधून कडेकडे गेलेला आडवा चरा प्रत्येक फेरीत थोडीशीच माहिती झाकतो. रेषेच्या दिशेने गेलेला गोल चरा सलग मोठा भाग झाकतो, आणि तिथे यंत्राचा इलाज चालत नाही. कन्सोल चालू असताना हलवला किंवा उभ्याचा आडवा केला, तर फिरत्या डिस्कवर असाच बांगडीसारखा चरा उमटतो. एक्सबॉक्स ३६० वर हे फार घडले.

मधल्या भोकापाशी तडा दिसला तर ती डिस्क चालवूच नका. वेगाने फिरताना ती आत फुटू शकते आणि मग ड्राइव्हही जातो.

टूथपेस्ट लावावी का?

हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, पण तो सीडीच्या काळातला आहे. सीडीमध्ये माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो आणि लेझर खालून सुमारे १.२ मिलिमीटर प्लास्टिकमधून तिथे पोहोचतो. डीव्हीडीत हा थर मधोमध, सुमारे ०.६ मिलिमीटर आत असतो. प्लास्टिक एवढे जाड असल्यामुळे वरवरचा चरा घासून कमी करता येतो. दुकानातले पॉलिशचे यंत्रही तेच करते. सीडीला खरा धोका असतो तो छापील बाजूच्या ओरखड्याचा. तो थेट माहितीपर्यंत जातो.

प्लेस्टेशन ३, प्लेस्टेशन ४, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स वन यांच्या डिस्क ब्लू-रे जातीच्या असतात. त्यांत माहितीचा थर खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो आणि त्यावर एक पातळ, कडक संरक्षक लेप असतो. या लेपामुळे ती सहसा चरत नाही, पण एकदा खोल चरली की घासायला प्लास्टिकच उरलेले नसते. टूथपेस्ट किंवा पॉलिश लावले तर लेप जातो आणि थोडी खराब असलेली डिस्क पुरती जाते. ब्लू-रे डिस्क फक्त पुसावी, घासू नये.

दोष कन्सोलचा निघाला तर

आपल्याकडे बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि तेव्हाच मुले सर्वांत जास्त खेळतात. टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या कन्सोलला हवा मिळत नाही. तो उघड्यावर ठेवा, चारी बाजूंनी वितभर जागा सोडा, आणि बंद करून वायर काढल्यावर जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढा.

प्लेस्टेशन ४ वर गेम काढून पुन्हा इन्स्टॉल करून पाहावा. खेळातली प्रगती वेगळी साठवलेली असते, ती गेम काढल्याने जात नाही. तरी ती आधी पेनड्राइव्हवर घेतलेली बरी. तरीही अडत असेल, तर कन्सोल पूर्ण बंद करा आणि पॉवरचे बटण दुसरा बीप ऐकू येईपर्यंत, साधारण ७ सेकंद, दाबून धरा. सेफ मोड उघडेल. कंट्रोलर वायरने जोडा आणि पाचवा पर्याय, रीबिल्ड डेटाबेस, निवडा. याने गेम पुसले जात नाहीत. सहावा आणि सातवा पर्याय मात्र सगळे पुसून टाकतात, त्यांना हात लावू नका. एवढ्यानेही सगळेच गेम अडत असतील, तर हार्ड डिस्क थकली असावी. मग जाणत्या कारागिराला दाखवावे.

घेताना आणि देताना

घेताना डिस्क उजेडात पाहा आणि शक्य असेल तर देणाऱ्याच्याच घरी सुरू करून पाहा. घरी आणल्यावर त्याच दिवशी पूर्ण इन्स्टॉल करा, म्हणजे काही निघाले तर लगेच सांगता येते. देणाऱ्यांनीही डिस्क पुसून, डबीत घालून द्यावी आणि कुठे अडकत असेल तर आधीच सांगावे. अडकली तर आधी वरची अदलाबदल करावी, आणि ती दोन्ही घरच्यांनी मिळून केली तर उत्तम. डिस्क काही शे रुपयांची असते; तिच्यापायी दोन घरांतले जाणे-येणे थांबू नये.