फुरसतीचे श्रम : ब्रिटिश कालव्यांवरील नौकाविहार

ब्रिटनच्या कालव्यांवर सहलीसाठी हिंडणारी नॅरोबोट, म्हणजे सपाट तळाची लांबट पोलादी नौका, लांबीला ७० फुटांपर्यंत असली तरी रुंदीला ६ फूट १० इंचांच्या आसपासच असते. आणि या अरुंदपणाचे कारण आजच्या सहलकऱ्यांच्या सोयीत नसून अठराव्या शतकातील कोळशाच्या व्यापारात आहे. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेणारा कालवा १७६१ मध्ये सुरू झाला. त्याच्या उभारणीत असलेला अभियंता जेम्स ब्रिंडली पुढे ट्रेंट अँड मर्सी कालव्याकडे वळला, तेव्हा त्याने तेथील अनेक लॉक जेमतेम सात फूट रुंदीचे ठेवले, कारण रुंद लॉकला पाणी अधिक लागते आणि हेअरकॅसलच्या डोंगरातून रुंद बोगदा खोदणे फार खर्चाचे झाले असते. मिडलंड्समधील पुढच्या बहुतेक कालव्यांनी हेच माप उचलले. मालवाहतूक जवळजवळ संपली, पण माप राहिले आणि त्या मापाने ठरवून दिलेले कामही राहिले. म्हणूनच या कालव्यांवरील फुरसत ही विश्रांतीपेक्षा श्रमाच्याच जातीची आहे, आणि तिचे खरे मोलही तेथेच आहे.

हे श्रम समजून घ्यायचे तर लॉकपाशी थांबावे लागते. लॉक म्हणजे कालव्याच्या दोन असमान पातळ्यांना जोडणारी, विटांनी किंवा दगडांनी बांधलेली लांबट कोठी. अरुंद लॉकमध्ये बहुधा वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला दोन दारे असतात. खालची दारे वरच्या पाण्याकडे टोक करून कोनात मिटत असल्याने आतल्या पाण्याचा दाबच त्यांना घट्ट आवळून धरतो. वर जाणाऱ्या नौकेतील एक जण विंडलास नावाची काटकोनात वाकवलेली लोखंडी किल्ली कमरेच्या पट्ट्यात खोचून आधी काठावर उतरतो आणि कोठी रिकामी आहे का, तसेच वरून कोणी येत आहे का, हे पाहतो. कोठी भरलेली असेल आणि वरून नौका येत असेल, तर तिला आधी उतरू देतात, कारण उगाच रिकामी केलेली प्रत्येक कोठी म्हणजे वरच्या टप्प्यातून गेलेले सुमारे एक लाख लिटर पाणी.

दाराला जोडलेली जाड तुळई पाठीने रेटायची असते, आणि पाय घसरू नयेत म्हणून तिच्या फिरण्याच्या रेषेवर जमिनीत अर्धगोलात उंचवट्याच्या विटा बसवलेल्या असतात. नौका आत शिरते तेव्हा दोन्ही बाजूंना काही बोटांचीच जागा उरते. दारे मिटल्यावर वरच्या टोकाची पॅडल, म्हणजे पाण्याची वाट उघडणाऱ्या सरकत्या झडपा, विंडलासने एकेक दाता चढवत उचलल्या जातात. आधी उघडायची ती जमिनीखालच्या मोरीवरची झडप. दारातली झडप मात्र तिचे तोंड पाण्याखाली गेल्यावरच उचलायची, नाहीतर पाण्याचा लोट थेट नौकेच्या नाळेत कोसळतो. दात्यांत अडकणारा खटका निसटला तर चढवलेली झडप आपल्या वजनाने खाली येते आणि विसरून तशीच ठेवलेली विंडलास गरकन फिरून हात मोडू शकते, म्हणून काम होताच ती काढून घेणे हा येथला पहिला धडा असतो. पाणी चढत असताना दार कितीही रेटले तरी हलत नाही. दोन्हीकडची पातळी चार बोटांनी जरी वेगळी असली तरी दारावरचा भार माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो. पातळ्या जुळल्या की तेच दार एका माणसाच्या रेट्याने उघडते. उतरताना धोका वेगळा असतो. वरच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. नौकेची मागची बाजू त्यावर राहिली आणि पाणी खाली गेले, तर नाळ खाली झुकून नौका बुडू शकते, आणि अशा दुर्घटना घडलेल्या आहेत. म्हणून कोठीच्या भिंतीवर रंगाची रेघ ओढून त्या उंबरठ्याची मर्यादा दाखवलेली असते.

हे काम करण्यासाठी परवान्याची परीक्षा नसते. भाड्याने नौका घेणाऱ्याला व्यवसायातील माणूस थोडा वेळ शिकवतो आणि सुकाणू हाती देतो. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की नौका उजवीकडे वळते, तीही पुढच्या टोकातून नव्हे तर मधल्या भागाभोवती, एवढे अंगवळणी पडायला काही वळणे घ्यावी लागतात. वेगाची मर्यादा ताशी चार मैलांची आहे. मागे उठणारी लाट काठाची माती खाते, त्यामुळे काठाला बांधलेल्या नौकांपाशी तोही वेग कमी करावा लागतो.

ज्यांचे हे काम होते त्यांच्या वाट्याला फुरसत नव्हती. रेल्वेच्या स्पर्धेत दर उतरल्यावर अनेक नावाडी घरभाडे वाचवण्यासाठी बायकामुलांसह नौकेवरच राहू लागले. मागच्या टोकाची सुमारे दहा फूट लांबीची खोली हेच त्यांचे स्वयंपाकघर, निजण्याची जागा आणि मुलांचे घर होते. या गर्दीवर आणि मुलांच्या शिक्षणाच्या आबाळीवर समाजसुधारक जॉर्ज स्मिथ यांनी आवाज उठवला आणि १८७७ मध्ये कालवा-नौकांचा कायदा झाला. आजच्या सहलनौकांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले याच कुटुंबांनी जपलेल्या चित्रपरंपरेतून आले आहेत. ती चित्रे नुसती शोभेची म्हणून पाहणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

सहलीची हौसही आजची नाही. वेल्समधील लँगॉलेन येथे १८८४ पासून घोड्याने ओढलेल्या नौकांतून लोकांना फिरवले जाते. परंतु संपूर्ण जाळे हिंडण्याजोगे आहे ही जाणीव पसरवली ती एल. टी. सी. रोल्ट या अभियंता-लेखकाने. १९३९ मध्ये तो पत्नीसह क्रेसी नावाच्या नौकेतून निघाला आणि त्या प्रवासावरचे त्याचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. ते वाचून रॉबर्ट आयकमन नावाचा लेखक टार्डेबिग येथे त्याला भेटला, आणि १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी स्ट्रॅटफर्ड कालव्यावर, जेथे रेल्वे कंपनीने उचलता येणारा पूल काढून न उचलता येणारा पूल बसवला होता, तेथे रोल्टने जाण्याचा कायदेशीर हक्क मागितला आणि कंपनीला क्रेसीसाठी तो पूल उचलावा लागला. वाटेवरचा हक्क कोणीतरी वाट चालून मागितला तरच शिल्लक राहतो, हे त्या घटनेने दाखवून दिले. मात्र रोल्ट आणि आयकमन यांचे पुढे पटले नाही. रोल्टला कालव्यावरचा कष्टकरी माणूस टिकायला हवा होता, तर आयकमनला एकूण एक कालवा, सहलीसाठी का होईना, वाचवायचा होता. आणि १९५१ मध्ये रोल्टला संस्थेतून काढून टाकण्यात आले. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे गोठले आणि उरलीसुरली वाहतूकही मोडली, तेव्हा घटनांनी कौल आयकमनच्या बाजूने दिला. पण रोल्टची तळमळ त्यामुळे खोटी ठरत नाही.

लँगॉलेन कालवा ज्या कारणाने वाचला ते यापेक्षा रुक्ष होते. १९४४ च्या कायद्याने रेल्वे कंपनीला तो सोडून देण्याची मुभा मिळाली होती, पण डी नदीचे पाणी हॉर्सशू फॉल्सच्या बंधाऱ्यापासून पूर्वेकडे नेण्यासाठी तो उपयोगी होता, आणि १९५५ च्या करारानंतर तो हर्लस्टन जलाशयाला पिण्याचे पाणी पुरवू लागला. त्यामुळे कालव्याला सहसा नसतो असा प्रवाह येथे आहे आणि वर जाणारी नौका संथ चालते. ग्रिंडली ब्रूक येथे तीन कोठ्या एकमेकींना चिकटून पायऱ्यांसारख्या आहेत. एकीचे वरचे दार तेच दुसरीचे खालचे दार. चढताना खालची कोठी रिकामी आणि वरच्या दोन भरलेल्या असाव्या लागतात. हा क्रम चुकला तर एकतर पाणी काठावरून वाहते किंवा नौका तळाला टेकते, म्हणून हंगामात तेथे लॉककीपर उभे असतात आणि काही नौका वर, मग काही खाली, असा क्रम लावतात. पुढे टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांच्या देखरेखीखाली बांधलेला आणि १८०५ मध्ये खुला झालेला पॉन्टकसल्टेचा जलसेतू येतो. १,००७ फूट लांब, १२६ फूट उंच, दगडी खांबांवर पेललेली ओतीव लोखंडाची पन्हळ. घोड्यासाठीची वाट एका बाजूला पाण्यावरच बसवलेली आहे, त्यामुळे नौकेने ढकललेल्या पाण्याला तिच्याखालून मागे जायला वाव मिळतो. दुसऱ्या बाजूला कठडा नाही, आणि सुकाणूपाशी उभ्या असलेल्याला पन्हळीच्या काठापलीकडे थेट दरी दिसते. १८०५ मधील हे बांधकाम आजही पाणी आणि नौका दोन्ही वाहते, यात त्याच्या कर्त्यांचा खरा गौरव आहे.

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते, आणि त्यांवर आज औद्योगिक क्रांतीच्या ऐन भराच्या काळापेक्षा अधिक नौका आहेत. पाणी मात्र तेवढेच आहे. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तरेकडील अनेक कालव्यांवर लॉक बंद ठेवावे लागले, आणि सहलीला निघालेल्यांना एक लाख लिटर म्हणजे काय ते प्रत्यक्ष कळले. सरकारी अनुदान २०२७ नंतर घटणार असल्याचे आधीच जाहीर झालेले आहे, आणि दुरुस्तीचे काम तर थांबत नाही. ओकची दारे साधारण पंचवीस वर्षे टिकतात. लॉक एकाच मापाचे म्हणवले जात असले तरी प्रत्येक कोठी थोडी निराळी असल्याने दार त्या त्या लॉकच्या मापानेच बनवावे लागते, आणि हे काम मिडलंड्समधील ब्रॅडली आणि यॉर्कशरमधील स्टॅनली फेरी येथील कार्यशाळांतले सुतार करतात. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान, लॉक रिकामे करून त्यात जुनी दारे उतरवून नवी बसवली जातात, आणि हंगाम सुरू झाला की तीच दारे पुन्हा सहलकऱ्यांच्या पाठीने रेटली जाऊ लागतात.