नळाच्या वारावर चालणारं घर

जालना शहरात गोधड्या कधी धुवायच्या, हे घरची बाई नव्हे, नळ ठरवतो. शहराच्या पाण्यासाठी निजामकाळातला घाणेवाडी तलाव होताच. २०१२-१३च्या दुष्काळात तो पुरेना, तेव्हा पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणीही शहरात आलं. तरी कित्येक वस्त्यांत आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी सुटण्याची सवय लोकांना लावून घ्यावी लागली. रोज नळ येणाऱ्या गावात घर चालवणं म्हणजे काय ते निम्मंच कळतं, असं माझं मत.

पाणी सुटलं की पहिली गढूळ धार संडासाच्या पिंपात. धार निवळली की प्यायचं गाळून हंड्यात, मग स्वयंपाकाचं, मग वापरायचं ड्रममध्ये. पुढे तेच पाणी दोनदा-तीनदा राबतं: तांदूळ धुतलेलं तुळशीला, कपडे शेवटचे पिळलेलं फरशीला, उरेल ते संडासात.

त्यात डेंगी. आरोग्य विभाग सांगतो, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा. सल्ला बरोबरच आहे. एडिस डासाला अंड्यातून उडायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. पण नळही तेवढ्याच दिवसांनी येणार असेल तर भरलेला ड्रम ओतायचा कोणी? मग जुन्या लुगड्याचं फडकं तोंडाला घट्ट बांधायचं आणि वर झाकण.

या सगळ्या खटाटोपाला वेळ किती जातो? २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनमोबदला काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं त्यात गेली, पुरुषांची ९७. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत दिवस मांडलेला. धुणं-भांडी खणात बसतात. रात्री दोनला नळ फुसफुसतो का म्हणून एक कान उघडा ठेवून झोपणं कुठल्या खणात लिहायचं? तिथं नोंद ‘झोप’ अशीच होणार.

उन्हाळ्यात वाळवणं निघतात आणि हिशेब आणखी अवघड होतो. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, आणि हे सगळं ऐन टंचाईत. त्यामुळे गहू नळाच्या बेतानं भिजत घालायचे. नळ लांबला तर गहू आंबट होतील, नाहीतर प्यायच्या हंड्याला हात लावावा लागेल. शेवयांना एवढं पाणी लागत नाही. पाण्याची ओढ फार असेल त्या साली शेवयांवरच भागवायचं.