घरातलं गाणं (भाग ५) : तानपुऱ्याखालचा दुसरा तानपुरा

नगर-पुणे महामार्गावरचं सुपा (बारामतीकडचं सुपे वेगळं, हे पारनेर तालुक्यातलं) रात्री दहानंतरही पुरतं झोपत नाही. एमआयडीसीतली पाळी सुटते, मालट्रक चालूच असतात. अशा वेळी कुणी घरच्या कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि एखादा विलंबित ख्याल लावला, तर गाणं सुरू होण्याआधीच स्पीकरमधून बारीक ‘हूंऽऽ’ यायला लागतो. मग गवई येतो, तबला येतो. तानपुरा मात्र कुठेतरी मागे गढूळ होऊन पडलेला असतो.

हा ‘हूं’ म्हणजे घरातली वीज. तिची लय सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि तिच्या मागोमाग १००, १५० अशी तिची पिल्लावळ. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गवयाचा खर्ज सा साधारण ६९ आवर्तनांवर असतो. म्हणजे खर्जाच्या अगदी शेजारी, गवयाच्या षड्जाशी काडीचा संबंध नसलेला आणखी एक तानपुरा अखंड वाजत राहतो. तोही बेसूर.

म्हणून घरच्या यंत्रणेची परीक्षा तानपुऱ्यावरच घ्यावी. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून त्याला जेमतेम दिसेल इतका बाक देतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतो. दोरा केसभर पुढे-मागे करत असताना एका जागी मिटलेला आवाज एकदम उमलतो. हीच जवारी. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे या बोटांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तानपुऱ्यावर लिहिताना दाखवून दिलं की, तार जिथे छेडली त्या जागेमुळे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही या वाद्यात ऐकू येतात. खर्जाच्या तारेतून आपोआप डोकावणारा स्वयंभू गंधार गवयांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इतकं नाजूक काम गढूळ आवाजात टिकत नाही.

इथे डॅक उपयोगी पडतो. आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी ही तळहाताएवढी डबी. एका बाजूला यूएसबी, मागे लाल-पांढऱ्या वायरींची भोकं. आवाजाचे आकडे कसे होतात ते गेल्या भागात आलंच आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी (म्हणजेच सोळा बिटांपैकी) एक सांगतो. या पायऱ्यांमुळे आवाज खडबडीत होतो, असा समज घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. डॅकमधला फिल्टर त्या ठिपक्यांतून जाणारी गुळगुळीत रेषच बाहेर काढतो. फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमधली चिप तर १४ बिटांचीच होती. पण ती सेकंदाला १,७६,४०० आकड्यांच्या वेगाने चालवून कंपनीने सोळा बिटांच्या तोडीचं काम काढून घेतलं.

आकडा बरोबर असून भागत नाही, तो वेळेवरही यावा लागतो. डबीतल्या स्फटिकाच्या आधाराने सीडीच्या गाण्यासाठी दर २२.७ मायक्रोसेकंदाला एक ठोका पडतो. हा ठोका डळमळला की मूळ गाण्यात नसलेले स्वर मिसळू लागतात. आजच्या बऱ्या डॅकमध्ये ही चूक इतकी कमी असते की तिची धास्ती बाळगायचं कारण नाही.

मग पैसे कशाचे मोजायचे? शांततेचे. कॉम्प्युटरच्या पोटात पंखे, डिस्क आणि वीजपुरवठा यांच्या गर्दीत होणारं काम बाहेरच्या स्वतंत्र डबीत होतं, हा खरा फायदा. तरीही ‘हूं’ गेला नाही, तर आधी घरातलं अर्थिंग तपासावं आणि शक्य असेल तर ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे विजेचा गुणगुणाट त्या वाटेने येऊच शकत नाही. ब्लूटूथने ऐकणाऱ्याने वेगळा डॅक घेण्याआधी विचार करावा, कारण त्याच्या हेडफोनमध्ये डॅक आधीच बसवलेला असतो. आणि आवाजाची पातळी तंतोतंत जुळवून, नाव न सांगता ऐकवलं, तर दोन चांगल्या डॅकमधला फरक भल्याभल्यांना ओळखता येत नाही. लाखाच्या डबीपेक्षा तो पैसा स्पीकरवर घालावा.

मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या या डबीतून ऐकल्या तरी खरखर राहणारच. जे त्यांच्या हयातीत (१९३७ पर्यंत) मेणावर उतरलंच नाही ते आज कुठून आणणार? पण त्यांचा सूर त्या खरखरीच्या वर, विजेच्या घरघरीविना स्वच्छ तरंगतो.

एवढं करूनही पत्र्याचं छत आणि उघडी शहाबादी फरशी असलेल्या खोलीत तोच तानपुरा भिंतींवर आपटून परत येतो. भिंतीला टांगलेली एक जाड गोधडी तिथे काय करते, ते पुढच्या भागात.