शेतीसंरक्षक बंदूक व वाढतीं बंधनें

भाद्रपद सरत आला, भात पोटरींतून बाहेर पडून लोंबींत दूध भरूं लागलें, म्हणजे कोंकणांतील शेतकऱ्याची झोंप उडते. दिवसा वानर व माकडें, रात्रीं रानडुक्कर. डुकरांचा कळप एकदां मळ्यांत शिरला कीं जेवढें खातो त्याच्या कितीतरी पट तुडवून व लोळून टाकतो. सकाळीं पाहावें तों चार कुणग्यांचें भात चिखलांत सपाट! भात झाल्यावर रताळीं, कणगर, सुरण यांची पाळी. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गांवांतून गवे खालीं उतरूं लागल्यापासून वायंगणी भाताचीही शाश्वती राहिली नाहीं.

अशा वेळीं माचावर जागणाऱ्या शेतकऱ्याजवळ काय असतें? एक विजेरी, वाजविण्यास पत्र्याचा डबा, पायाशीं कुत्रा, आणि नशिबीं असेल त्याच्या मांडीवर वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक. आम्ही स्वतः अशी बंदूक परवान्यानें बाळगणाऱ्यांपैकीं आहों. शस्त्रांचे कायदे आणखी कडक करावेत, अशी मागणी शहरांतून वारंवार होते. लग्नाच्या वरातींत कोणी उन्मत्तानें गोळी झाडली, किंवा गुंडांच्या दोन टोळ्यांत चकमक झाली, कीं वर्तमानपत्रांत ती पुन्हां वर येते. तिचा हेतु चांगला आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु गुंडाच्या कमरेचा गांवठी कट्टा कोणत्याच कचेरींत नोंदलेला नसतो. नवीन नियम निघाला कीं तो फक्त त्यालाच सांपडतो, ज्याचें नांव, गांव व बंदुकीचा नंबर सरकारच्या वहींत आधींच आहे. माचावरचा शेतकरी तो हाच.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १८७८ सालचा हत्यारांचा कायदा परक्या सरकारनें रयतेवरील अविश्वासांतून केला, आणि त्याविरुद्ध राष्ट्रीय सभेनें ठरावामागून ठराव केले. १९३१ च्या कराची काँग्रेसनें तर नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत घातला होता. राज्यघटनेंत तो आला नाहीं. पण १९५९ सालीं स्वतंत्र भारताच्या संसदेनें नवा कायदा केला तेव्हां ती शेतकऱ्यास विसरली नाहीं. त्याच्या १३ व्या कलमांत, पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणाकरितां ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा, असें स्पष्ट म्हटलें आहे. आणि ठासणीच्या बंदुकीनें काम भागत नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देतां येते. म्हणजे आम्ही जें मागतों तें कायद्यानेंच मान्य केलेलें आहे.

२०१६ च्या नियमांनीं शस्त्र वापरण्याच्या शिक्षणाचा दाखला व डॉक्टरचा दाखला आवश्यक केला. यास आमचा विरोध नाहीं. बार कसा भरावा, घोडा केव्हां चढवावा, भरलेली बंदूक कुडास टेकून कां ठेवूं नये, हें न शिकतां बंदूक हातीं घेणें वाईटच. मात्र हें शिक्षण तालुक्याच्या ठिकाणीं मिळालें पाहिजे. जिल्ह्याच्या गांवीं तीन खेपा घालण्यांत लावणीचे दिवस गेले तर तो दाखला शेतकऱ्यास फार महाग पडतो. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येऊं लागल्या. आमच्यापैकीं बहुतेकांच्या घरीं एकच असते, तेव्हां त्याची चर्चा नको. त्याच दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीनऐवजीं पांच वर्षांची झाली, तें चांगलें झालें.

खरी कुचंबणा होते ती निवडणुकींत. आचारसंहिता लागली कीं परवानाधारकांस नोटिसा येतात, आणि बंदुका पोलीस ठाण्यांत जमा होतात. विधानसभेच्या निवडणुकीचा हंगाम कोणता तें वाचकांनीं आठवून पाहावें. २०१४ सालीं ती १२ सप्टेंबरला जाहीर झाली व मतमोजणी १९ ऑक्टोबरला झाली. २०१९ सालीं २१ सप्टेंबरला जाहीर झाली व निकाल २४ ऑक्टोबरला लागला. भाताचें दाणें भरण्यापासून कापणीपर्यंतचे तेच दिवस! २०२४ सालीं १५ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबर असा काळ गेला, म्हणजे हळवें भात वांचलें व गरवें सांपडलें. लोकसभेचा काळ काजू, आंबा व वायंगणी शेतावर येतो. जी वस्तु पिकाच्या रक्षणाकरितां म्हणून दिली, ती पीक उभें असतांना काढून घ्यावयाची आणि खळें झाल्यावर परत द्यावयाची, ह्यास काय म्हणावें?

वास्तविक हा सरसकट प्रकार कायद्यास धरून नाहीं. गोव्यांतून गेलेल्या एका प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें २००९ सालीं ह्याचा विचार केला. त्यानंतर जी पद्धत घालून दिली आहे ती अशी कीं, छाननी समितीनें एकेका परवानाधारकाचा विचार करावा, आणि जो जामिनावर सुटलेला आहे, ज्याच्यावर पूर्वीं गुन्हे आहेत, किंवा जो निवडणुकीच्या दंग्यांत सांपडलेला आहे, अशांचीं शस्त्रें प्रामुख्यानें जमा करून घ्यावीं. पण प्रत्यक्षांत कित्येक ठिकाणीं छापील नोटीस सर्वांनाच जाते. आमची बंदूक एका वेळीं अशीच जमा झाली. परत मिळाली ती नळीला गंज चढलेली व घोडा अडकलेला अशी. ठाण्यांतल्या ओलसर खोलींत शेंकडों बंदुका एकावर एक रचल्यावर दुसरें काय होणार? तेथील शिपायांसही ह्या ओझ्याचा कंटाळाच होता.

कोणी म्हणेल, बंदुका कमी झाल्या तर रात्रींच्या शिकारींत जनावर समजून माणूस मारला जातो ते अपघात तरी टळतील. असे अपघात आमच्या बाजूस झाले आहेत, व ते लाजिरवाणे आहेत. पण ती चोरटी शिकार वन्यजीव कायद्यानें आधींच गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, हें प्रत्येक सभासदानें पक्कें समजून असावें. उभ्या पिकाचें नुकसान करणाऱ्या रानडुकरास मारावयाचें तर १९७२ च्या कायद्याच्या ११ व्या कलमाखालीं लेखी परवानगी लागते. एरव्हीं बंदुकीचें काम म्हणजे हवेंत बार काढून कळप परतविणें एवढेंच, आणि दहांपैकीं नऊ रात्रीं तेवढ्यानें भागतें.

बंदूक गेली म्हणून डुकरें येण्याचीं थांबत नाहींत. मग शेतकरी काय करतो? कोणी कुंपणाच्या तारेंत चोरून वीज सोडतो, कोणी पिठाच्या गोळ्यांत गांवठी बॉम्ब ठेवतो. हीं साधनें सांगावयास आम्हांस लाज वाटते, पण तीं सर्रास चालू आहेत हें कोणास ठाऊक नाहीं? तारेला डुक्कर कळत नाहीं व शेजाऱ्याचा बैलही कळत नाहीं. पहाटे पाणी फिरविण्यास गेलेला घरचाच माणूस तिला चिकटून गेल्याच्या बातम्या दरवर्षीं येतात. मे २०२० मध्यें केरळांत पालक्काड जिल्ह्यांत स्फोटक भरलेलें फळ तोंडांत फुटून गाभण हत्तीण मेली, तेव्हां सारा देश हळहळला. तार टाकणारा आणि बॉम्ब ठेवणारा घरीं निजलेला असतो. बंदुकीच्या मागें मात्र जागा माणूस असतो, आणि चूक झाली तर नंबरावरून त्याच्या दारीं पोलीस येऊं शकतात.

केरळ सरकारनें ह्यांतून धडा घेतला असें दिसतें. २०२२ सालीं तेथें पिकांस उपद्रव देणारीं रानडुकरें मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांस देण्यांत आला, आणि तें काम परवानाधारक बंदूकवाल्यांकडून करून घेतलें जातें. आमच्याकडे २०१५ पासून रानडुक्कर व रोही यांविषयींची परवानगी वनक्षेत्रपालाकडून मिळण्याची सोय झाली. पण परवानगीचा कागद हातीं आला आणि गांवांत चालूं बंदूकच नसली, तर तो कागद डुकरास वाचून दाखवावयाचा काय? कर्नाटकांत कोडगू जिल्ह्यांतील कोडव लोकांस व जम्मा जमिनी धारण करणारांस तर परवान्यांतूनच सूट आहे. केंद्र सरकारनें ती २०१९ सालीं आणखी दहा वर्षें वाढविली, व तेथील उच्च न्यायालयानें २०२१ सालीं ती उचलून धरली. आम्ही सूट मागत नाहीं. पण घरोघर बंदूक असलेला तो जिल्हा कांहीं रणांगण झालेला नाहीं, एवढें नियम करणारांनीं पाहावें.

आणखी एक अडचण कोंकणास विशेष आहे. घरचे तरुण मुंबई-पुण्यास, आणि गांवीं सत्तरीचा बाप. २०१६ च्या नियमांप्रमाणें परवानाधारकास ७० वर्षें झालीं, किंवा त्याजकडे बंदूक २५ वर्षें राहिली, तर त्याच्या हयातींतच वारसाच्या नांवें परवाना मागतां येतो. हें पुष्कळांस माहीत नसतें. बाप वारल्यावर बंदूक ठाण्यांत जाते व तेथेंच सडते. ज्यांच्या घरीं असा प्रसंग आहे त्यांनीं गांवांत राहून शेती करणारा पुतण्या कीं मुलगा, हें ठरवून अर्ज आतांच करावा.

ज्या सभासदांस गेल्या निवडणुकींत नांवानिशीं कारण न देतां बंदूक जमा करण्याची नोटीस आली, त्यांनीं तिची नक्कल, जमा केल्याची पावती, व परत मिळाल्याची तारीख संस्थेच्या कचेरींत पाठवावी. बंदूक नादुरुस्त होऊन परत आली असल्यास तेंही लिहावें. पावती मागून घेतलीच नसेल तर पुढल्या खेपेस ती घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरूं नये.