लेन्स केवढी असावी?

आमच्या फलटणात माउलींची पालखी मुक्कामाला आली की विमानतळाच्या मैदानावर टाळ-मृदंगांच्या जोडीने कॅमेरेही पुष्कळ दिसतात. काही मुठीत मावणारे, तर काहींच्या तोंडाशी तोफेच्या नळीसारखी लांबलचक लेन्स. त्या दिवसांत कॉलेजातली मुले हटकून विचारतात, "सर, कोणती लेन्स घेऊ?" त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : मोठी घेतली म्हणजे फोटो चांगला येईल ना? वाचकहो, हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. यांतल्या पुष्कळांना ती लेन्स उसाच्या बिलातून नाहीतर हप्त्यांवर घ्यायची असते, आणि पुढच्या लग्नसराईत ती रक्कम तिच्याकडूनच वसूल करायची असते.

लेन्स जड का होते, हे आधी पाहू. लेन्सवर एफ २.८, एफ ४ असे आकडे असतात. हा साधा भागाकार आहे. नाभीय अंतराला प्रकाश आत येण्याच्या वाटेच्या व्यासाने भागले की तो आकडा मिळतो. म्हणून आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त. आता २०० मिलिमीटरची लेन्स एफ २.८ ची पाहिजे म्हटले, की पुढच्या काचेचा व्यास ७१ मिलिमीटरच्या खाली आणताच येत नाही. एफ ४ वर भागत असेल तर ५० मिलिमीटर पुरतात. व्यास वाढला की काच जाडही होते, म्हणून वजन व्यासाहून फार वेगाने चढते. कॅननच्या ईएफ मालिकेतली ७०-२०० एफ २.८ (दुसरी आवृत्ती) १४९० ग्रॅम भरते. तिचीच एफ ४ ची धाकटी बहीण ७०५ ग्रॅम. धाकटीत कंप आवरणारी यंत्रणा नाही हे खरे, पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. दुप्पट प्रकाशाची किंमत खांद्याने दुप्पट मोजायची! उलट ५० मिलिमीटर एफ १.८ ची साधी लेन्स १६० ग्रॅमची.

कॅमेऱ्यातला आरसा गेला, आता लेन्सही हलक्या होतील, अशी एक समजूत हल्ली आहे. रुंद कोनाच्या लेन्सपुरती ती थोडीफार खरी आहे. लांब पल्ल्याच्या लेन्सला मात्र ते ७१ मिलिमीटर चुकत नाहीत. वजन कमी करायला दुसऱ्या युक्त्या लागतात. निकॉनने २०१५ साली ३०० मिलिमीटर एफ ४ ची नवी लेन्स काढली. तिच्यात बारीक वर्तुळाकार पायऱ्यांचे एक खास भिंग घातले, आणि १४४० ग्रॅमची जुनी लेन्स होती तिथे ७५५ ग्रॅमची आली. व्यास तेवढाच, लांबी मात्र बरीच घटली.

परंतु वजन वेगळे आणि पेलणे वेगळे. भरलेली कळशी कडेवर घेतली तर बाई ओढ्यापासून घरापर्यंत गप्पा मारत येते. तीच हात लांब करून धरायला सांगा, दहा पावले जाववणार नाही. लेन्सचेही तेच. झूम करताना जी नळी पुढे सरकते तिचा भार पुढे जातो आणि मनगट भरून येते. म्हणून डावा तळहात लेन्सच्या खाली आणि कोपर बरगडीला टेकलेले असावे. थोडे वजन उपयोगीही पडते बरे का! अगदी हलका कॅमेरा बटण दाबतानाच हलतो. शिवाय हाताची सवय असते. निकॉनची झूमची कडी एका बाजूला फिरते, कॅननची उलट बाजूला. एकीवर दहा वर्षे हात बसलेल्या माणसाच्या हाती दुसरी दिली, तर ऐन अंतरपाट दूर होताना वधूऐवजी मांडवाचा खांब यायचा.

हलक्या साधनाची ओढ नवी नाही. लायका कॅमेऱ्याचा कर्ता ऑस्कर बार्नाक याला दम्याचा विकार होता. काचपट्ट्यांचा अवजड कॅमेरा घेऊन हिंडणे त्याला झेपेना. त्याने घडवलेला छोटा कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. पुढे आंरी कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक सारे काम ५० मिलिमीटरच्या एका लेन्सवर केले. तर इकडे मुंबईत शिकलेल्या होमाई व्यारावाला दिल्लीत स्पीड ग्राफिकसारखे धूड घेऊन, साडी नेसून, सायकलीवरून हिंडत. ज्याचा त्याचा खांदा!

माझा कल मात्र लहान लेन्सकडे आहे, आणि त्याचे कारण वजनाहून निराळे आहे. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते. दोन्ही बाजूंना वारकरी उभे, मधून अश्व दौडतात. तिथे तुम्हाला पुढे-मागे सरकता येत नाही, धूळ नाहीतर पाऊस असतो, त्यामुळे लेन्स बदलण्याची सोय नाही. तिथे झूम हवीच. पण दिंडीत चालताना ३५ किंवा ५० ची लेन्स असली की माणसाच्या दोन हातांवर जावे लागते. डोक्यावर तुळस घेतलेली आजी तुम्हाला पाहते. "माउली, फोटो काढू का?" असे विचारावे लागते. ती पदर सावरते, नाहीतर "नको रे बाबा" म्हणून हसते. दोनशेच्या लेन्सने लांबून टिपले तर तिला पत्ताही लागत नाही. मुक्कामावर पाय चेपत बसलेल्या, कपडे वाळत घालणाऱ्या बायकांचेही फोटो असेच निघतात. ते मला रुचत नाही. दुसऱ्या कोणाला त्यातच सहजपणा दिसेल.

लग्नाच्या धंद्यात हा न्याय लावू नये. संध्याकाळच्या कार्यालयातला उजेड बेताचा, आणि गुरुजींच्या मांडीवर जाऊन तर बसता येत नाही! ज्याला तिथे रोजचे काम करायचे आहे त्याने दीड किलोची लेन्स जरूर घ्यावी. पट्टा मात्र गळ्यात न घालता खांद्यावरून तिरपा घ्यावा. त्याआधी दोन गोष्टी कराव्यात. दीड किलो साखर पिशवीत घालून, ती खांद्याला लावून एक दिवस वावरावे. यात पैसा जात नाही. मग पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात, तशी एक आणून एखादे लग्न पुरे करावे. प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर काढला हे कॅमेरा स्वतःच नोंदवून ठेवतो. घरी संगणकावर ते आकडे पाहावेत. शंभराच्या पुढचे फोटो बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, तर ८५ मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स पाहावी. तिच्यातून एफ २.८ च्या दुपटीहून अधिक प्रकाश येतो, आणि कॅननची अशी जुनी लेन्स ४२५ ग्रॅमची आहे.