संबळ आणि तुणतुणें

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईची योगेश्वरी ही दूर कोंकणांतील कित्येक घराण्यांचीही कुलदेवता. देवीचा गोंधळ घातला कीं संबळ व तुणतुणें हीं आलींच. डोळे मिटूनही हीं वाद्यें ओळखतां येतात.

तुणतुण्याला तार एकच. ती तळाच्या कातड्यांतून निघून वरच्या खुंटीस ताणलेली असते. खुंटी पिळून ती गाणाराच्या स्वराशीं मिळवितात, आणि तोच एक स्वर लयीनें घुमत राहतो. संबळ म्हणजे एकत्र बांधलेले दोन लहान नगारे. काठ्यांनीं वाजवितांना एकाचा नाद चढा, दुसऱ्याचा खोल उमटतो.

गोंधळाची कथा लिहून ठेवतां येते. कातडें किती ताणावें व काठी कशी पडावी, हें मात्र वाजविणाराजवळ बसूनच शिकावें लागतें. तो हात थांबला, तर छापील कथा मुकीच राहील. म्हणून पुढच्या गोंधळांत कथेइतकेंच त्या हातांकडेही लक्ष द्यावें.