कुर्ल्यातली कुर्ली गेली, खाडीतली तरी राहायला हवी

कुर्ला : कोकणात खेकडीला कुर्ली म्हणतात. कुर्ला हे नाव या कुर्लीवरूनच पडलं, असं जुने लोक सांगतात. लोकल, चाळी आणि गॅरेजं यायच्या आधी इथे दलदल होती आणि दलदलीत कुर्ल्यांची बिळं होती. आज कुर्ला स्टेशनवर उतरणाऱ्याला कुर्ली दिसली तर ती मासळी बाजारातल्या टोपलीत.

गावाकडच्या माणसाला कुर्ला म्हणजे गाडी सुटायचं टर्मिनस. पण सरकारदरबारी कुर्ला हा तालुका आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याचे तीन तालुके : अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, तुर्भे ही सगळी महसुली गावं कुर्ला तालुक्यात येतात. या तालुक्याच्या पश्चिमेच्या बाजूने मिठी नदी वाहते आणि पूर्वेच्या बाजूला ठाण्याची खाडी आहे. दोन्हीकडे पाऊस तोच, भरतीचं पाणीही समुद्राचंच. तरीही मिठीत मासा मिळत नाही आणि खाडीच्या चिखलात अजून निवट्या उड्या मारतात. असं का, ते समजून घेणं शेतकऱ्यालाही उपयोगाचं आहे.

साखळी नव्हे, जाळं

शाळेत आपण अन्नसाखळी शिकलो. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला साप, सापाला घार. परीक्षेपुरतं हे ठीक आहे. पण प्रत्यक्षात बेडूक एकटा नाकतोडा खात नाही आणि सापही फक्त बेडकावर जगत नाही, तो उंदीर खातो, पिल्लं खातो. अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंततात तेव्हा तयार होतं ते अन्नजाळं.

साखळीची एक कडी तुटली की साखळी संपली. जाळ्याचं तसं नाही. कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा तुटला तरी जाळं मासे धरतं. दोन तुटले तरी चालतं. मात्र तुटत तुटत एक वेळ अशी येते की जाळं वर काढलं तर हातात नुसतं पाणी. नेमका कोणता धागा शेवटचा, ते आधी कळत नाही, खरी अडचण इथेच आहे.

कुर्ली काय काम करते

ठाणे खाडीच्या काठाला मुख्यतः तिवरांचं कांदळवन आहे. तिवराचं हिरवं पान खाणारे जीव थोडे. बहुतेक पानं पिकतात आणि चिखलात गळतात. ही पानं कुर्ल्या उचलतात, बिळात नेतात, कुरतडतात. उरलेला चुरा आणि कुर्लीची विष्ठा यांवर जिवाणू वाढतात. तो जिवाणू लागलेला चुरा कोळंबी, किडे आणि बोयसारखे मासे खातात. त्यांच्यावर मोठे मासे आणि बगळे जगतात. मोठा मासा कोळ्याच्या जाळ्यात येतो आणि माहूल, तुर्भ्याच्या कोळीवाड्यात चूल पेटते.

कुर्लीचं दुसरं काम नांगराचं. खाडीचा चिखल घट्ट असतो, आत हवा जात नाही, म्हणून त्याला सडका वास येतो. कुर्ल्या बिळं करतात तेव्हा भरतीचं पाणी आणि हवा आत खेळते, मुळांना श्वास मिळतो. ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञांनी कांदळवनाच्या काही तुकड्यांतून खेकडे काढून टाकून पाहिले. १९९१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. खेकडे गेले तिथे जमिनीतलं विषारी सल्फाइड वाढलं आणि झाडांची वाढ मंदावली. म्हणजे झाड कुर्लीला पोसतं तसं कुर्लीही झाडाला पोसते.

अळी आली, फवारायचं का?

पावसाळ्याच्या अखेरीस कधी कधी मुंबईच्या खाडीकाठची तिवरं अचानक जळाल्यासारखी दिसतात. पान म्हणून उरत नाही. कुणीतरी विष टाकलं, अशी चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा कारण असतं एक अळी. सागावर येते, पानांची नुसती चाळणी करते, तीच ही. विदर्भातल्या लोकांना ती चांगली माहीत आहे.

शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येणार : फवारलं का नाही?

शेतात एकच पीक असतं. अळीला मैलभर तेच खाणं मिळतं आणि तिला खाणारे पक्षी, गांधीलमाशी, कोळी यांना बांधावर जागा उरलेली नसते. म्हणून फवारणीची वेळ येते. खाडीकाठी तसं नाही. तिवरावर अळी आली तरी शेजारचं कांदळ आणि चिपी हिरवीच राहते. अळ्या वाढल्या की त्यांच्यावर ताव मारायला पक्षी येतात, परजीवी माश्या येतात. अळीची लेंड चिखलात पडते आणि तिचं खत होतं. काही आठवड्यांत तिवराला नवी पालवी फुटते.

आणि फवारलं असतं तर? कीटकनाशक अळीच्या मज्जातंतूवर काम करतं. कुर्ली आणि कोळंबी ही अळीचीच लांबची भावंडं, सगळे सांध्यांच्या पायांचे जीव. अळीला मारणारं औषध भरतीच्या पाण्यात उतरलं की कोळंबीलाही मारतं. एका महिन्यात आपोआप बरा होणारा आजार घालवायला कोळ्याचं वर्षभराचं उत्पन्न पणाला लागलं असतं.

जाळं टिकतं कशामुळे?

यावर शास्त्रज्ञांत बरेच वाद झाले. इंग्लंडचे चार्ल्स एल्टन यांनी १९५८ साली मांडलं की जिथे जाती थोड्या, तिथे रोगराई आणि उपद्रव लवकर माजतो. एकाच पिकाची शेतं हा त्यांच्या मांडणीतला एक दाखला होता. पुढे १९७२ साली रॉबर्ट मे यांनी गणिताने उलटं दाखवलं : जाती आणि त्यांचे संबंध कसेही वाढवत नेले तर जाळं उलट डळमळीत होतं.

दोघांचं म्हणणं जुळतं कसं, ते नंतर उलगडत गेलं. निसर्गातलं जाळं कसंही विणलेलं नसतं. त्यात घट्ट नाती थोडी आणि सैल नाती पुष्कळ असतात. या सैल धाग्यांमुळे धक्का पसरतो आणि बोथट होतो, असं १९९८ साली केव्हिन मॅककॅन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

हे बाजारात बघितलं तर लगेच पटेल. सगळा माल एकाच व्यापाऱ्याला देणारा शेतकरी, तो व्यापारी बुडाला की बुडतो. चार ठिकाणी थोडा थोडा माल देणाऱ्याला एक वर्ष वाईट जातं, पण तो उभा राहतो. खाडीतला बगळा या दुसऱ्या शेतकऱ्यासारखा. निवट्या कमी झाल्या तर तो छोटे मासे टिपतो, खेकड्याची पिल्लं टिपतो. तेवढ्यात निवट्यांना वाढायला उसंत मिळते.

काही जातींचा भार मात्र इतरांपेक्षा फार मोठा असतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी खडकावरचे तारामासे सतत काढून टाकले. तारामासा शिंपल्या खातो. तो गेल्यावर शिंपल्यांनी सगळा खडक बळकावला आणि तिथल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. १९६६ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अशा जातीला कीस्टोन म्हणतात, म्हणजे कमानीच्या मधला दगड. तो काढला की कमान उतरते.

गुलाबी रंगाने फसू नये

ठाणे खाडी म्हटली की लोकांना रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो आठवतो. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत चिखल गुलाबी होतो. २०१९ च्या सुरुवातीला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मोजणीत एक लाखाहून जास्त रोहित भरले. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

पण रोहित भरपूर म्हणजे खाडी ठणठणीत, असं नाही. छोटा रोहित चोचीने पाणी गाळून निळंहिरवं शेवाळ खातो. शेवाळाला नत्र आणि स्फुरद लागतं, आणि ते शहराच्या सांडपाण्यातून फुकट येतं. म्हणजे सांडपाणी वाढलं की काही काळ शेवाळ वाढतं आणि रोहितही वाढू शकतात. त्याच वेळी मेलेलं शेवाळ आणि मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मासा मरतो किंवा निघून जातो. एक धागा जाड होतो, बाकीचे विरत जातात. लांबून बघणाऱ्याला गुलाबी रंग दिसतो, पण जाळं रिकामं आलं हे कोळ्यालाच कळतं.

युरियाचा हात सैल सुटला की पीक आधी काळंभोर दिसतं आणि मग किडीला बळी पडतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. खाडीचंही तसंच.

तुटलेलं जाळं कसं दिसतं

ते बघायचं तर मिठीच्या काठी उभं राहावं. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी कुर्ल्यातून माहीमच्या खाडीला मिळते. काठ भरावाने आवळले, दोन्ही बाजूंनी सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी आलं. प्राणवायू गेला तसा मासा गेला, माशामागून बाकीचे गेले. अशा पाण्यात तग धरतात ते लाल किडे, अळ्या आणि डास. डासाच्या अळ्या खाणारा मासाच नाही, मग डासाला अडवणार कोण? नदीलगतच्या वस्तीला त्याची किंमत तापाच्या रूपात मोजावी लागते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीने कुर्ला बुडवलं. पाणी धरून ठेवणारी दलदल आधीच गेली होती.

पूर्वेकडची दलदल अजून आहे, पण तिच्याकडेही नजर लागली आहे. २०२४ साली राज्य सरकारने कांजूर, भांडुप, मुलुंडकडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी वापरायला मंजुरी दिली. घरं हवीत, याबद्दल वाद नाही. पण मिठागर म्हणजे पडीक जमीन नव्हे. भरतीला चिखल बुडतो तेव्हा काठावरचे पक्षी अशाच उथळ जागी येऊन चरतात. पावसाचं पाणीही तिथे थोपतं. हिशेबात तेही धरायला हवं.

गावाकडचा धडा

गावात हे होऊन गेलं आहे. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडं काही तासांत हाडं मोकळी करायची. १९९० च्या दशकात ती झपाट्याने संपली. कारण निघालं डायक्लोफेनॅक, जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक. ते अंगात असलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. सरकारने २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आणली, तोवर बहुतेक गिधाडं गेली होती. मढी भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आली, कुत्री वाढली आणि रेबीजचा धोकाही. जनावराच्या सुजेवर दिलेलं इंजेक्शन कुत्र्याच्या चाव्यापर्यंत पोचेल, असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

म्हणून खाडी असो की ओढा, विचारायचा प्रश्न एकच : इथे कोण कोणाला खातं, आणि त्यातलं कोण हल्ली दिसेनासं झालंय? त्याला यंत्र लागत नाही. विक्रोळी-भांडुपच्या बाजूला ओहोटीच्या वेळी चिखलाकडे बघावं. बिळं भरपूर असली तर कुर्ली कामावर आहे. गावाकडे ओढ्यातला दगड उचलून बघावा. खाली खेकडा निघाला, तर ओढ्याचं जाळं अजून धरून आहे.